भंडारदऱ्याच्या सहलीत कुठे जेवावे, काय घ्यावे?

भंडारदऱ्याला जाणाऱ्या कित्येक सहली सारा शिधा घरूनच बांधून नेतात. आचारी, गॅस, पाण्याच्या बाटल्या, सगळे बरोबर! मग अकोले तालुक्याच्या वाट्याला उरतो तो कचरा. विल्सन धरण (1926) पाहावे, रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर पाहावे, यात वाद नाही. पण चार पैसे तेथेच खर्चावेत असे आम्ही आग्रहाने सुचवतो.

नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगरहून, संगमनेर, अकोले, राजूर अशी वाट आहे. राजूर हे या डोंगरपट्ट्यातले बाजाराचे गाव. औषधे, किरकोळ सामान येथेच घ्यावे. राजूरचे पेढे मात्र परतताना घ्यावेत, नाहीतर धरण येईपर्यंत पुडा रिकामा होतो.

धरणालगत शेंडी गावात खानावळी आहेत. तरी खरी चव रतनवाडी, साम्रद, घाटघर, पाचनई येथल्या घरगुती जेवणाची. नागलीची भाकरी, पिठले, ठेचा, नाहीतर गावठी कोंबडीचा रस्सा आणि भात. माणसे किती ते आदल्या दिवशी कळवावे. आयत्या वेळी चाळीस पाने कोण वाढणार? दर आधी विचारावा, पण दहा रुपयांसाठी घासाघीस करू नये. येथे पाऊस उदंड, पण तो उताराने वाहून जातो. भात, नागली, वरई निघाली की शेत रिकामे, आणि कित्येक आदिवासी कुटुंबे मजुरीसाठी नारायणगावची वाट धरतात. पंचवीस ताटांचे पैसे अशा घरात काय मोलाचे असतात, हे बँकेच्या खिडकीत बसणाऱ्या आम्हांला वेगळे सांगायला नको. डोंगरात मोबाइलला रेंज नसते तेथे फोनवरून पैसे जात नाहीत, म्हणून सुट्ट्या नोटा ठेवाव्यात.

खरेदीत पहिला मान तांदळाला. दिवाळीनंतर गेल्यास काळभात हा सुवासिक गावरान तांदूळ शेतकऱ्याच्या घरूनच घ्यावा. याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणे जपल्याबद्दल 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. असे वाण टिकायचे तर त्याला गिऱ्हाईकही हवे.

मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे पाहायला झुंबड उडते. लुकलुकून जोडीदार शोधणाऱ्या या किड्यांना गाडीचे दिवे, बॅटऱ्या घातक ठरतात. हे अभयारण्य आहे. रात्रीच्या प्रवेशाची वेळ वनखात्याच्या नाक्यावर विचारूनच पुढे जावे, आणि जेवण त्याआधी उरकावे.