नावावरून पत्ता, पत्त्यावरून विश्वास

२९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या विकसकाने एक इशारा जाहीर केला. डेटा संकुचित करणाऱ्या ‘एक्सझेड’ या मुक्त सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरवाट पेरली होती. डेबियन या लिनक्स वितरणाच्या विकासाधीन आवृत्तीवर एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकावर सुरक्षित प्रवेश देणाऱ्या सोयीने, लॉगिन करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्याच धाग्यावरून फ्रॉइंड तिथवर पोहोचले. त्यानंतरची बहुतेक चर्चा झाली ती माणसांविषयी: थकलेला, एकटा पडलेला देखभालकर्ता आणि ‘जिया टॅन’ या नावाने वर्षानुवर्षे त्याचा विश्वास कमावणारी अज्ञात व्यक्ती. ती चर्चा आवश्यकच होती. पण या प्रकरणाने संगणकाच्या आतला एक जुना प्रश्नही उघडा पाडला, आणि तो तितकाच गंभीर आहे. बाहेरचे फंक्शन कोणाकडून घ्यायचे हे ठरवणारी यंत्रणा नावावर विश्वास ठेवते. त्या निर्णयाचे ऑडिट करणारी सोय त्याच प्रोसेसमध्ये राहत असल्याने ती माहिती देऊ शकते, संरक्षण मात्र देऊ शकत नाही.

लिनक्सवरचा बहुतेक प्रत्येक प्रोग्राम अपुरा असतो. सही तपासणे, मेमरी मागणे, अक्षरे छापणे ही कामे तो सामायिक लायब्रऱ्यांवर सोपवतो आणि स्वतःजवळ फक्त फंक्शनांची नावे ठेवतो. लायब्ररी दर वेळी मेमरीत वेगळ्या जागी चढते, त्यामुळे पत्ता आधी लिहून ठेवता येत नाही. प्रोग्रामचे मुख्य फंक्शन सुरू होण्यापूर्वी डायनॅमिक लिंकर धावतो, लागणाऱ्या लायब्रऱ्या चढवतो आणि ‘ग्लोबल ऑफसेट टेबल’ नावाच्या तक्त्यात पत्ते भरतो. आळशी पद्धतीत हे काम पहिल्या हाकेपर्यंत लांबवले जाते: पहिली हाक लिंकरकडे वळते, तो पत्ता शोधून तक्त्यात लिहितो आणि दुसऱ्या हाकेपासून प्रोग्राम थेट फंक्शनकडे जातो. शोधाचा नियम साधा आहे. लायब्रऱ्या ठरलेल्या क्रमाने पाहायच्या आणि जुळणारे नाव जिथे पहिल्यांदा सापडेल तिथला पत्ता घ्यायचा.

हा नियम १९८०च्या दशकात युनिक्सच्या दुनियेत रुजला तो लवचिकतेसाठी. ‘एलडी_प्रीलोड’ या सेटिंगने एखादी लायब्ररी रांगेत पुढे घातली की मेमरी वाटणारे फंक्शन मूळ प्रोग्रामला हात न लावता बदलता येते. दोष शोधणारी कितीतरी साधने यावरच उभी आहेत. पण इथे नाव म्हणजे ओळख नव्हे. विंडोजमध्ये प्रोग्राम फंक्शनच्या नावाबरोबर लायब्ररीचेही नाव नोंदवतो. मॅकच्या प्रणालीतही दोन स्तरांची नावे रूढ आहेत. लिनक्सच्या ‘एल्फ’ रचनेत सर्वसाधारण शोध सपाट असतो: नाव कोणीही पुरवावे, पहिला आला तो मान्य.

या निर्णयांवर नजर ठेवण्यासाठी सोलारिस या युनिक्स प्रणालीच्या लिंकरमध्ये ऑडिटची सोय होती. तिच्याच धर्तीवर ती लिनक्सच्या ‘जीलिबसी’ या मूलभूत लायब्ररीत आली. ऑडिट करणारी लायब्ररी चढवली, की कोणती फाइल शोधली, कोणती उघडली आणि कोणते नाव कुठे बांधले, हे लिंकर तिला दर टप्प्यावर कळवतो. बांधणीच्या टप्प्यावर तर तो तिचे उत्तरही घेतो: ती जो पत्ता परत देईल तोच तक्त्यात जातो. म्हणजे तपासनिसाला पाहण्याबरोबर बदलण्याचाही अधिकार आहे. महासंगणकांवरच्या कामाचे मोजमाप करणारी ‘एचपीसीटूलकिट’सारखी साधने ही सोय प्रामाणिकपणे वापरतात. एक्सझेडच्या हल्लेखोरांनी हाच अधिकार बळकावला.

एसएसएच लॉगिनची सेवा पुरवणाऱ्या ओपनएसएसएच या प्रोग्रामला एक्सझेडची गरज मुळात नव्हतीच. डेबियन आणि फेडोरासारख्या वितरणांनी सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या ‘सिस्टमडी’ला सेवा सुरू झाल्याची खबर देण्यासाठी ओपनएसएसएचमध्ये एक भर घातली होती. त्या भरीमुळे सिस्टमडीची लायब्ररी आली आणि तिच्यामागून एक्सझेडची. प्रोसेसरला साजेशी फंक्शनची आवृत्ती निवडण्यासाठी लायब्ररीतला छोटा कोड बांधणी चालू असतानाच चालवण्याची मुभा लिंकर देतो. चोरकोड नेमका त्या क्षणी जागा झाला. तेव्हा एसएसएचच्या प्रोग्रामचे स्वतःचे पत्ते भरायचे होते आणि तक्ता लिहिण्यासाठी खुला होता. त्याने लिंकरच्या मेमरीतल्या नोंदी बदलून स्वतःला ऑडिटर म्हणून बसवले आणि आरएसए सही उलगडणाऱ्या फंक्शनचे नाव बांधले जाण्याची वाट पाहिली. ते नाव येताच त्याने स्वतःचा पत्ता पुढे केला. त्यानंतर संरक्षणाच्या नियमानुसार तक्ता केवळ वाचण्यापुरता बंद झाला. पण आता ते कुलूप खोट्या पत्त्याचेच रक्षण करत होते. पुढे हल्लेखोराची खास सही असलेला आदेश लॉगिन पूर्ण होण्याआधीच चालू शकला असता.

यावर पहिला आक्षेप असा, की मग ऑडिटची सोयच काढून टाकावी. पण हल्लेखोरांनी ती अधिकृत मार्गाने मागितलीच नव्हती. ज्याचा कोड प्रोसेसमध्ये चालतो आहे, त्याला हे दार बंद मिळाले तर तो दुसरे शोधेल. नुकसान होईल ते प्रामाणिक साधनांचे. दुसरा आक्षेप: लिंकरची झडती नीट घेतली असती तर हे पकडले गेले असते. चोरकोडने त्याचाही विचार केला होता. लिंकरच्या तपासणीच्या काही सेटिंग्ज चालू दिसल्या, की तो स्वस्थ बसत असे. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: सगळे कोड एकाच फाइलमध्ये जोडून टाकावेत, लिंकरच नको. त्याने ही विशिष्ट युक्ती अडली असती, पण दूषित लायब्ररी त्या फाइलमध्येही शिरलीच असती. शिवाय एका लायब्ररीतला दोष दुरुस्त करायला तिच्यावर विसंबलेला प्रत्येक प्रोग्राम नव्याने बांधावा लागला असता. सामायिक लायब्ररी सुधारणा झपाट्याने पोहोचवते हा तिचा खरा गुण आहे आणि तो सोडून देणे परवडणारे नाही.

म्हणून उपाय लिंकरच्या दोन्ही बाजूंना हवा. आधीच्या बाजूला, नाजूक प्रोग्रामच्या प्रोसेसमध्ये येणाऱ्या लायब्रऱ्याच कमी करायच्या. जुलै २०२४च्या ओपनएसएसएच ९.८ने सिस्टमडीला खबर देण्याची सोय त्याची लायब्ररी न घेता स्वतःच लिहिली, आणि सिस्टमडीनेही एक्सझेड गरज पडली तरच चढवण्याचा मार्ग धरला. पुढच्या बाजूला, तपासनीस प्रोसेसच्या बाहेर हवा: कर्नलच्या पातळीवर, किंवा मूळ स्रोतापासून पुन्हा बांधणी करून तुलना करणाऱ्या स्वतंत्र यंत्रावर. प्रसिद्ध केलेल्या संचातली बांधणीची फाइल आणि सार्वजनिक कोडभांडार यांत तफावत होती. ती टिपायला लिंकरच्या ऑडिटची गरज नव्हती. लिंकरची नोंदवही दोष शोधण्यासाठी मोलाची आहे आणि ती राहिली पाहिजे. पण सुरक्षिततेचा दाखला म्हणून ती पुढे करणे थांबवले पाहिजे, कारण त्या वहीत कोणते नाव कुठे बांधले एवढेच लिहिलेले असते आणि ती नोंद बदलण्याची मुभा आत शिरलेल्या प्रत्येकाला असते.