तांबडे लोखंड, काळे लोखंड

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी यांचे पाणी महाडमध्ये शिरले. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात दरडी कोसळल्या. असा पूर ओसरला की स्वयंपाकघरातले लोखंड लगेच तांबडे पडते. बिडाचा तवा, शेगडीवरची जाळी ‘गेली’ असे समजून भंगारात टाकली जाते. ती खरोखर गेलेली असते का?

सावित्रीचे पुराचे पाणी तांबडे असते, कारण ती महाबळेश्वरच्या जांभ्या पठारावर उगम पावते. जांभ्याचा तांबडेपणा लोखंडाच्या ऑक्साइडचा. याच दगडातून धावड लोक पूर्वी लोखंड गाळत. भट्टीत कोळसा ऑक्सिजन ओढून घेतो आणि लोखंड उरते. ओल आणि हवा मिळाली की ते पुन्हा मातीच्या रंगावर जाते. गंज म्हणजे लोखंडाची ही परतीची वाट.

तव्याचा काळा रंग मात्र रंगवलेला नसतो. तेलाचा पातळ थर तापला की त्याचे रेणू एकमेकांत गुंफून कठीण पापुद्रा तयार होतो. तोच ओलीला अडवतो. म्हणून तांबडे बीड काळे करायचे, तर रंगाचा डबा लागत नाही. काथ्या आणि राखेने गंज घासावा. हट्टी डागांवर चिंचेचे किंवा कोकमाचे पाणी अर्धा तास ठेवावे, रात्रभर नव्हे, कारण आंबट गंजाबरोबर लोखंडही खाते. धुऊन लगेच आचेवर कोरडे करावे. तेलाचे बोट फिरवून ते जवळजवळ पुसून टाकावे आणि धूर थांबेपर्यंत तापवावे. असे तीन-चार वेळा केले की काळा रंग येतो. जाड थर दिला तर तो चिकट राहतो.

जाळीचे थोडे वेगळे आहे. ज्योतीला भिडणाऱ्या टोकांवरचा तेलाचा थर जळून जातो आणि तिथे करडे बीड दिसते. तो दोष नव्हे. अधूनमधून तेलाचा हात पुरतो. चकचकीत काळ्या जाळीवर बहुधा काचेचा मुलामा असतो. तो भट्टीत वितळवून बसवलेला असल्याने घरी पुन्हा चढत नाही, आणि राखेने घासला तर ओरखडतो. साधा ऑइलपेंट तर कोणत्याच जाळीला देऊ नये. तो जळतो आणि त्याचा धूर अन्नाला लागतो. रंगच द्यायचा असेल तर उष्णता सोसणारा घ्यावा, आणि तोही भांडे टेकते तिथे नको.

नावातच पोलाद असलेल्या तालुक्याला आणि शेजारच्या महाडला पूर नवा नाही. पाणी पुन्हा येईल, लोखंड पुन्हा तांबडे होईल. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी ते एकदा घासून पाहावे. तडा गेलेले बीड सांधणे अवघड. पण नुसते गंजलेले बीड बहुतेक वेळा आतून शाबूत असते.