अहो, ब्रश तोंडात नको!

जलरंगात ब्रशाला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायची सवय अनेकांना असते. आधी ती सोडा. कॅडमियम रेड, कोबाल्ट ब्लू या रंगांत ते धातू खरोखर असतात. (ट्यूबवर पुढे ‘ह्यू’ लिहिलं असेल तर सहसा पर्यायी रंगद्रव्य असतं.) बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्यानं १७०० साली कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं, त्यात चित्रकारांवरही प्रकरण आहे. म्हणजे ही काळजी आजची नाही.

ट्यूबमधला ओला रंग हवेत उडत नाही. कोरडी पूड घोटताना किंवा वाळलेला थर पॉलिशपेपरनं घासताना मात्र धूळ थेट छातीत जाते. तेव्हा एन-९५ मास्क लावा आणि नंतर झाडू न मारता ओल्या फडक्यानं पुसा.

टर्पेंटाइनपुढे हा मास्क निरुपयोगी, वाफ त्यातून सरळ आत येते. ‘कमी वासाचा’ थिनर आणला तरी खिडकी उघडीच हवी, कारण वास नसला तरी वाफ असतेच. छताचा पंखा ती फक्त खोलीभर फिरवतो, एक्झॉस्ट लावा. टर्पेंटाइननं हात धुणारे महाभागही मी पाहिलेत! गोडंतेल चोळा, मग साबण.

आणि जवसाच्या तेलाची फडकी? चुरगळून कोपऱ्यात टाकली, की तेल वाळताना निर्माण होणारी उष्णता आतच कोंडते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.