विकसनशील मस्तिष्कातील वृद्धिघटक : मात्रा आणि काल यांचा विचार

गर्भिणी व बालकांसाठी मेध्य औषध देताना ‘याने मेंदूतील बी.डी.एन.एफ. वाढते का?’ अशी विचारणा अलीकडे सुशिक्षित पालकांकडून होते. ‘वाढते’ म्हणजे ‘हितकर’ असे त्यात गृहीत असते. हे गृहीतक तपासणे आम्हांस अगत्याचे वाटते.

चेतापेशींची वाढ भोवतालच्या ऊतींकडून येणाऱ्या प्रथिनरूप संदेशांवरही अवलंबून असते. अमेरिकेतील सेंट लुईस येथे १९५० च्या दशकात रीटा लेव्ही-मोंताल्चिनी व स्टॅन्ली कोहेन यांच्या संशोधनातून चेतावृद्धिघटक प्रकाशात आला. या कार्यासाठी १९८६ साली उभयतांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच कुळातील बी.डी.एन.एफ. हे प्रथिन बार्ड, एडगर व थोएनेन यांनी १९८२ मध्ये डुकराच्या मेंदूतून शुद्ध स्वरूपात वेगळे केले.

हे प्रथिन पेशीपटलावरील ‘ट्रक-बी’ या ग्राहीशी जोडले जाते. दोन ग्राही एकत्र येऊन परस्परांच्या टायरोसिनवर फॉस्फेट बसवितात. तेथून संदेश मुख्यतः तीन मार्गांनी पेशीत जातो. एक मार्ग पेशीच्या तगून राहण्याशी, दुसरा वाढ व विभेदनाशी, तर तिसरा कॅल्शियमद्वारा चेतासंधींच्या कार्याशी विशेषतः निगडित आहे. याच प्रथिनाचे अपक्व रूप मात्र ‘पी-७५’ या निराळ्या ग्राहीमार्फत काही चेतापेशींना मृत्यूचा संदेश देते.

बी.डी.एन.एफ.चे जनुक निकामी केलेली उंदरांची पिल्ले बहुधा काही आठवड्यांतच दगावतात. शरीराचा तोल सांभाळणाऱ्या संवेदी चेतापेशी त्यांच्यात मोठ्या प्रमाणावर नष्ट होतात. मस्तिष्कबाह्यकातील पेशींची संख्या मात्र बरीचशी टिकते. तेथे बाधा येते ती पेशींच्या परिपक्वतेस.

मग अधिक मात्रा दिल्यास? १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांच्या अग्रमस्तिष्कात हा घटक जनुकीय बदलाने वेळेपूर्वी व अधिक प्रमाणात निर्माण केला गेला. निरोधक चेतापेशी लवकर पक्व झाल्या, दृष्टीची तीक्ष्णताही लवकर आली. परंतु डोळ्यांकडून मिळणाऱ्या अनुभवानुसार दृष्टिबाह्यकाची जोडणी बदलण्याचा जो संवेदनशील काल असतो, तोही लवकर संपला. अर्थात एका घटकाच्या वृद्धीने विकासाचे वेळापत्रकच बदलले.

मात्रा व काल यांचा विवेक आपल्या चिकित्सेस नवा नाही. तथापि या साम्यावरून वृद्धिघटक म्हणजेच अमुक धातू वा दोष, असे समीकरण मांडणे योग्य नव्हे. चरकसंहितेत मण्डूकपर्णी, यष्टीमधु, गुडूची व शंखपुष्पी ही मेध्य रसायने सांगितली आहेत. त्यांचा विचार रुग्णाचे वय, अग्नी व बल पाहूनच व्हावा. प्राण्यांवरील प्रयोगात बी.डी.एन.एफ. वाढल्याच्या नोंदीवरून गर्भिणीस आश्वासन देऊ नये. रक्ततपासणीचाही येथे आधार नाही, कारण रक्तातील बी.डी.एन.एफ.चा मोठा साठा प्लेटलेट्समध्ये असतो व त्यावरून गर्भाच्या मेंदूची स्थिती कळत नाही.

तेलाने काठोकाठ भरलेले पात्र न हिंदकळता न्यावे, तसे गर्भिणीस जपावे, असे चरकाचार्य सांगतात. त्या दृष्टीने पालकांना आमचे उत्तर असे असते : आयोडीनयुक्त मीठ, फॉलिक आम्ल, रक्तक्षयावर उपचार आणि थायरॉइडच्या विकाराचे वेळीच निदान यांचे गर्भाच्या मेंदूसाठी असलेले महत्त्व सुस्थापित आहे, प्रथम ते सांभाळावे. मेध्य कल्पाचा विचार त्यानंतर, आणि तोही आवश्यकता असेल तरच.