घरचे व्याख्यान, वर्गातील शंका

चेन्नईतील गिंडीचे अरण्य एके काळी गव्हर्नरच्या उपवनाचा भाग होते. त्याच्या लगत, पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने, १९५९ मध्ये मद्रासची आयआयटी स्थापन झाली. तिच्या आवारात आजही हरणे निर्वेधपणे हिंडतात. विद्यार्थ्याला मात्र तेथे प्रवेश मिळणे महाकठीण! ही अडचण काही अंशी दूर झाली ती २००३ पासून. त्या वर्षी सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी 'एनपीटेल' हा उपक्रम आरंभिला. प्राध्यापकांची व्याख्याने चित्रित होऊन सर्वांना विनामूल्य खुली झाली.

तथापि व्याख्यान ऐकले म्हणजे विषय आला, असे थोडेच आहे? तुळई भाराखाली वाकली की तिच्या खालच्या अंगाला ताण पडतो, हे विद्यार्थी पडद्यावर पाहतो आणि मान डोलावतो. मग त्याला भिंतीबाहेर आलेल्या छज्जाचे उदाहरण घालावे. तो सवयीने सळ्या खालच्या अंगालाच काढतो. वस्तुतः छज्जात ताण वरच्या अंगाला येतो. सळ्या खाली राहिल्या तर छज्जा कोसळायचा. ही चूक पडद्याला दिसत नाही. बाकांमधून फिरणाऱ्या शिक्षकाला ती वहीत डोकावताच दिसते, आणि 'येथे काँक्रीट प्रथम कोठे तडकेल?' एवढ्या एका प्रश्नाने तो ती विद्यार्थ्याकडूनच दुरुस्त करवून घेतो. व्याख्यान रात्री घरी ऐकले असेल तर वर्गातील तास अशा कामासाठी मोकळा राहतो. या मिश्र पद्धतीचे खरे मर्म हेच होय.

गिंडीच्या मंडळींनाही हे उमगलेले दिसते. २०१४ पासून एनपीटेलने प्रमाणपत्रे देण्यास आरंभ केला, तेव्हा साप्ताहिक स्वाध्यायांना २५ टक्के आणि केंद्रावर समक्ष द्यावयाच्या परीक्षेला ७५ टक्के असे गुण ठरले. संस्थेने २०२० मध्ये विदाशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम काढला. त्याचीही व्याख्याने घरी आणि परीक्षा केंद्रावर. इलेक्ट्रॉनिक्सच्या नव्या पदवीसाठी तर विद्यार्थ्याला प्रयोगांपुरते गिंडीला यावेच लागते. यात नवल नाही. शेजारच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयाचे मूळ १७९४ च्या भूमापन शाळेत आहे, आणि भूमापन खोलीत बसून कोण शिकला आहे?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्' या शासकीय मंचावरून पुरे करण्यास मुभा दिली. आडगावच्या महाविद्यालयात एखाद्या विषयाला अध्यापकच नसेल, तर ही मोठीच सोय. पण चेन्नईहून व्याख्यान येतेच आहे, मग येथे अध्यापक कशाला नेमावा, असा हिशेब एखाद्या संस्थाचालकाने केला, तर छज्जाच्या सळ्या पाहायला वर्गात कोणी उरणार नाही. यास्तव विद्यार्थ्यांच्या वह्या तपासण्यात आणि शंका फेडण्यात जाणारे तास अध्यापकाच्या वेळापत्रकात व्याख्यानाच्या तासांइतकेच रीतसर धरले गेले पाहिजेत, आणि त्यासाठी लागणारी जागाही भरली गेली पाहिजे.