चांगला प्रशिक्षक ओळखायचा कसा?

खडवली, टिटवाळा, वासिंद भागातील पालक आम्हा शिक्षकांना नेहमी विचारतात, "सर, मुलाला क्रिकेटच्या कोचिंगला घालायचंय, पण कोच चांगला आहे हे कळणार कसं?" प्रश्न रास्त आहे. कल्याण-डोंबिवलीपर्यंत लोकलचा प्रवास, महिन्याची फी, किटचा खर्च आणि अभ्यासातून काढलेला वेळ, हे सारे पणाला लागते. प्रशिक्षक फक्त खेळ शिकवत नाही, तो मुलांचे नेतृत्व करतो. त्यासाठी पुढील चार गुण पाहावेत.

१) पारख : श्रीरामपूरचा झहीर खान मुंबईत आला, तेव्हा त्याच्यामागे कोणतेही मोठे नाव नव्हते. नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईक यांनी त्याचा वेग हेरला आणि त्याला घडवले. पुढे त्याने ९२ कसोटींत ३११ बळी घेतले. मूल कोणत्या गावचे, कोणाचे, हे न पाहता त्याच्यात काय आहे ते पाहणे, ही खरी पारख.

२) विश्वास : हेच नाईक १९७०-७१ मध्ये मुंबईचे कर्णधार होते. गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर असे दिग्गज भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडिजला गेले होते. उरलेल्या खेळाडूंना घेऊन नाईकांनी रणजी करंडक जिंकला. "चांगली पोरं नाहीत" अशी तक्रार करत बसणारा संघ उभा करू शकत नाही. जे आहेत त्यांना हिंमत देणारा तो करू शकतो.

३) शिस्तीला आपुलकीची जोड : शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत. सचिनला बाद करणाऱ्याला ते नाणे मिळे, नाबाद राहिला तर सचिनला. एका रुपयात दमलेला मुलगाही जिद्दीने खेळे. सामने मिळावेत म्हणून सर त्याला स्कूटरवरून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत. शिस्त कडक होती, पण मेहनत दोघांचीही होती.

४) कठीण वेळी निर्णय : हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम पेशाने शिक्षक. त्यांच्या प्रशिक्षणाखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत फुटबॉलचे सुवर्णपदक जिंकले. १९६२ ला जकार्तामध्ये बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला टाके पडले होते. रहीमसाहेबांनी त्यांना बसवून न ठेवता आघाडीला खेळवले. अंतिम सामन्यात त्यांनी गोल केला आणि दक्षिण कोरियावर २-१ असा विजय मिळाला. असा धाडसी निर्णय खेळाडूला पूर्ण ओळखणाराच घेऊ शकतो. हार झाली तर जबाबदारीही त्यालाच घ्यावी लागते.

मग पालकांनी काय करावे? फी भरण्याआधी दोन दिवस मैदानाच्या कडेला उभे राहून सराव पाहावा. बारीकसारीक चूक करणाऱ्या मुलाला सर समजावतात की चारचौघांत त्याचा अपमान करतात? महागडी बॅट असलेल्यालाच जास्त फलंदाजी मिळते का? मुलींना बरोबरीने खेळायला मिळते का? परीक्षेच्या दिवसांत सुट्टी देतात का?

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, अकरा जणांत निवड न झालेल्या मुलाशी ते कसे बोलतात, तेही ऐकावे. आपल्या मुलांपैकी बहुतेक जण भारतासाठी खेळणार नाहीत. पण त्या बाराव्या मुलाला "उद्या पुन्हा ये, तुझ्यावर काम करू" असे म्हणणारा उस्ताद मिळाला, तर सब्र, मेहनत आणि इन्साफ ही शिदोरी त्याला आयुष्यभर पुरेल.