अंगठ्याने मोडलेले शील

दर रविवारी सकाळी आमच्या वस्तीतील विहारात आम्ही त्रिसरण-पंचशील घेतो. खोटे बोलणार नाही, हे चौथे शील मी गेली वीस वर्षे ग्रहण करीत आलो आहे. तेच शील दोन वर्षांपूर्वी मी उजव्या हाताच्या अंगठ्याने मोडले.

रात्री साडेनऊच्या सुमारास मोबाईलवर एक फोटो आला. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झालेली दिसत होती. खाली शेजारच्या तालुक्यातील एका गावाचे नाव आणि ‘आजच घडले, सर्वांना पाठवा’ असा मजकूर. माझे डोके भणाणले. कसलीही चौकशी न करता मी तो फोटो एकेक करून चार ग्रुपवर पाठवला, फेसबुकवरही टाकला.

तासाभरात वीस-पंचवीस मुले नाक्यावर जमली. रस्ता अडवायचा म्हणून कोणी जुने टायर आणले. मी धावत गेलो. शेजारचा मुलगा म्हणाला, “काका, तुम्हीच पाठवलाय ना? मग खरंच असणार.” हा मुलगा पहाटे पाचला उठून पोलीस भरतीसाठी धावायला जातो. त्याची आई चार घरची धुणीभांडी करते.

तेव्हा कुठे मला त्या गावातील आमच्या पाहुण्यांना फोन करण्याचे सुचले. ते म्हणाले, “दादा, मी आत्ताच पुतळ्यापासून आलो. काही झालेलं नाही.” फोटो जुना, तोही परराज्यातला होता, हे मागाहून कळले. मुलांची समजूत घालून त्यांना घरी पाठवले. टायर पेटला असता, गुन्हा दाखल झाला असता, तर तो पोरगा चारित्र्य पडताळणीत अडकला असता. मी मात्र घरात बसून सुरक्षित राहिलो असतो. त्या रात्री मला झोप आली नाही.

आमचे थोडक्यात निभावले. सर्वांचे निभावत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून पसरली होती. मेले ते गावोगाव पोटासाठी फिरणारे गरीबच. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅप कंपनीने एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा भारतासाठी जाहीर केली. परंतु अविचाराला मर्यादा कोण घालणार? केवळ ऐकीव आहे म्हणून मानू नका, स्वतः तपासा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. आपण ते भाषणात सांगतो आणि मोबाईल हातात येताच विसरतो.

मग आवाज कसा उठवायचा?

कार्यकर्ते मला विचारतात, “मोठी वर्तमानपत्रे आपली बातमी छापत नाहीत. मोबाईलही सोडला तर आपले गाऱ्हाणे मांडायचे कुठे?” प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले ते याच कारणासाठी. पण छापलेल्या ओळीला संपादक जबाबदार असतो. फॉरवर्डला बाप नसतो.

जपून वापरावे, असेही मी करून पाहिले. दोनदा अ‍ॅप काढले, दोनदा पुन्हा घेतले. या कंपन्यांची कमाई जाहिरातींवर चालते. आपण जितका वेळ बघत राहू तितका त्यांचा फायदा. राग आणणाऱ्या गोष्टीवर माणूस जास्त वेळ थांबतो. ज्याला दारू सुटत नाही त्याने बाटली कपाटात ठेवून चालत नाही. पाचवे शील मद्याबरोबर प्रमादापासूनही दूर राहायला सांगते.

म्हणून मी दोन्ही खाती कायमची बंद केली. ‘डिअ‍ॅक्टिव्हेट’ केल्याने खाते फक्त झोपते, ‘डिलीट’ करावे लागते. फेसबुक ३० दिवसांची मुदत देते. तेवढ्यात पुन्हा लॉग-इन केले तर खाते परत सुरू करता येते. मी आधी घरचे फोटो उतरवून घेतले आणि नंबर वहीत लिहिले. त्या महिन्यात हात कितीदा तरी खिशाकडे गेला.

तोटा झाला नाही असे नाही. एका मित्राच्या आईच्या पुण्यानुमोदनाचा निरोप मला दोन दिवस उशिरा मिळाला. त्याच्या घरी जाऊन मी माफी मागितली. आता बैठकीचा निरोप विहाराच्या फळ्यावर लिहितो आणि फोन करतो. अन्यायाची बातमी आली तर आधी त्या गावी फोन लावतो, जमल्यास स्वतः जातो, मग तक्रार अर्ज लिहितो. रात्री मुलगी अभ्यासाला बसली की मीही शेजारी पुस्तक घेऊन बसतो.

प्रत्येकाने खाते बंद करावे, असा माझा आग्रह नाही. परंतु बंधू-भगिनींनो, पुढे पाठवण्यापूर्वी निदान एक फोन करा. आपल्या शब्दावर विश्वास ठेवून कोणाचा तरी मुलगा रस्त्यावर उतरत असतो.

जयभीम!